कुडीची फिरकी

“आठ ठोकळे रचते का, बघू,” डॉक्टरबाई म्हणाल्या. जाड भिंगांच्या चष्म्यातली अडीच वर्षांची मुक्ता तीन रचून टेबलाखाली शिरली.

बाईंनी कागदावर ‘तीन’ लिहिलं. सातव्या महिन्यात जन्मलेली, नऊशे ग्रॅमची पोर. डोळ्यांचा पडदा वाचवायला दोन्हीकडे लेसर करावं लागलं होतं. आईने मान खाली घातली.

मुक्ता बाहेर आली ती चिमटीत काहीतरी घेऊन. बाईंचा हात मोकळ्या कानाकडे गेला. त्यांच्या कुडीची फिरकी! सकाळपासून दोन नर्सना शोधून सापडली नव्हती.

“अगं बाई, हिला कशी दिसली?”

“रोज तांदूळ निवडायला घेऊन बसते हिला,” आई म्हणाली. “माझ्या नजरेतून सुटलेले खडे हीच काढते.”

बाईंनी ‘तीन’च्या पुढे लिहिलं : मुलगी कामात होती.