सकाळचा वाडगा

नाश्त्याच्या सीरियलचा चौथा खोका तिने नाकाशी नेला, तशी दुकानातली मुलगी हसू दाबत दुसरीकडे पाहू लागली. बंद खोक्याला कसला आलाय वास? पण तिला यायचा. खवट तेलाचा, दमट पुठ्ठ्याचा आणि त्या सगळ्यावर पांघरूण घालणाऱ्या व्हॅनिलाचा. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची नोकरी झाली होती. तिथे तिला 'नाक' म्हणत. कौतुकाने की टिंगलीने, हे तिने कधी विचारलं नाही.

खोक्यावर एक अस्वल दात काढून हसत होतं. मागे बारीक अक्षरांत साखर वेगवेगळी नावं घेऊन बसली होती. दुसऱ्या खोक्यावर 'मधयुक्त' लिहिलं होतं. मधमाशीने तो फार तर लांबून पाहिला असेल. फळांचे तुकडे म्हणजे रंगवलेलं रबर. लोक हे पोरांच्या ताटलीत ओततात आणि वर पौष्टिक म्हणतात! तिला शिसारी आली.

शेवटी तिने खालच्या फळीवरचं, चित्रबित्र नसलेलं करडं पाकीट उचललं. नुसते ओट्स आणि गव्हाचा कोंडा. ना साखर, ना मीठ.

नवऱ्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. दुसरा आला तर निभावणार नाही, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. साखर बंद, मीठ बेताचं, सकाळचं खाणं सकस हवं. दूरच्या गावी असलेली मुलगी फोनवर रडली होती. बाबांचं खाणं तू बघ, म्हणजे मला घोर नाही, असं म्हणाली होती. काम अंगावर घेतलं की ते चोख करायचं, हा तिचा स्वभाव. स्वयंपाकघराचं दार लावून ती जवस आणि भोपळ्याच्या बिया भाजायची, मिक्सरमधून काढायची आणि ती पूड बरणीत भरून ठेवायची. वाडग्यात ओट्स, कोंडा, वरून दूध आणि दोन चमचे पूड. चव कडसर व्हायची, पण औषध कुठे गोड असतं?

कठीण होतं ते पुढचं. त्याला खाताना पाहणं.

त्याच्या तोंडाची डावी बाजू उतरली होती. दूध ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर यायचं, तिथून गळ्याला बांधलेल्या रुमालावर. मचमच आवाज यायचा. मध्येच तो थांबायचा, घशात काहीतरी घोळवायचा आणि पुन्हा गिळायचा. सडकी मासळी हुंगताना ज्या बाईच्या कपाळाला आठी पडली नव्हती, तिच्या पोटात स्वतःच्या नवऱ्यापुढे ढवळायचं. याची तिला लाज वाटे, पण लाज वाटून किळस थोडीच जाते. वाडगा समोर ठेवला की ती पाठ फिरवून नळ सोडायची. त्याचा चमचा उकळत्या पाण्यातून काढून वेगळा ठेवायची. स्वतःचा टोस्ट गॅलरीत उभ्याउभ्या खायची.

एरवी खाण्याच्या बाबतीत तो महाचोखंदळ. चहासुद्धा परत पाठवायचा. पहिल्याच दिवशी पहिल्या घासाला त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

"यात काय घातलंयस?" त्याने जड जिभेने विचारलं होतं.

"तुमच्या भल्याचंच आहे," ती नळाकडे तोंड करून म्हणाली. "संपवा मुकाट्याने."

तिने वळून पाहिलं, तर तो तिच्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने चमचा उचलला.

त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. उलट सकाळी एका हाताने दाढी करून, धुतलेला शर्ट घालून टेबलाशी येऊ लागला. त्याच शर्टावर दूध सांडायचं आणि तिचा जीव विटायचा. खाऊन झालं की तो वाडगा बोटाने निपटून घ्यायचा. एकदा पाकीट संपलं म्हणून तिने मऊ पाव दिला, तर तो बाजूला सारून म्हणाला, आज ते नाही?

मुलगी भेटायला आली तेव्हा तर कहरच झाला. तिने हसत हसत त्याच्या वाडग्यात चमचा घातला, तसा त्याने धड असलेल्या हाताने वाडगा छातीशी ओढला. अर्धं दूध मांडीवर सांडलं.

"तू नको," तो म्हणाला. "तू नाही खायचं."

मुलगी कानकोंडी झाली. माणूस म्हातारपणी इतका हावरट होतो, या विचाराने त्याची मांडी पुसताना तिच्या आईला किळस आली.

पण औषध लागू पडलं. पुढच्या तपासणीत रक्तदाब ताळ्यावर, रक्तातली चरबी उतरलेली. डॉक्टर खूश होते. बाईंनी तुम्हाला मरणाच्या दारातून ओढून आणलंय, आता पुष्कळ वर्षं काळजी नाही, असं ते त्याला म्हणाले. काय खायला देता, असं त्यांनी कौतुकाने विचारलं, तेव्हा तिने ओट्सपासून बियांपर्यंत सगळं सांगितलं. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"आणखी काय?" त्याने विचारलं.

आणखी काही नाही, असं ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर तो मटकन बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून लाळही. आनंदाने असेल, असं तिला वाटलं. तीही सुखावली होती. कितीतरी महिन्यांनी तोंड न फिरवता तिने त्याची हनुवटी पुसली.

"इतकं कडू लागत होतं, तर रोज निपटून कसं खाल्लंत हो?"

त्याने तिचा रुमालाचा हात बाजूला सारला.

"मला वाटायचं, तू विष घालतेस," तो म्हणाला. "म्हणून तर एक दाणा मागे ठेवत नव्हतो."