खिडकीतला संत्रा

व्हीलचेअरमधल्या म्हाताऱ्याला डॉक्टर भैरवीनं ओळखलं. ती कॉलेजात असताना तेव्हा डॉक्टर असलेल्या याच माणसानं तिच्या बाबांच्या कॅन्सरच्या फाइलवरचं वय वाचून, मान वर न करता म्हटलं होतं, "सत्तरी झाली ना? घरी न्या, संत्रे खाऊ घाला." बाबा उपचाराविनाच गेले. त्याच रागात ती म्हाताऱ्यांच्या कॅन्सरची डॉक्टर झाली. आज कॅन्सर त्यालाच झाला होता. "ऐंशी पार आहेत, मॅडम," त्याचा मुलगा म्हणाला. "केमो देऊन काही फायदा?" इतकी वर्षं जपलेलं त्याचंच वाक्य तिच्या जिभेवर आलं. ते गिळून तिनं आपल्या डब्यातला संत्रा खिडकीत ठेवला. "उठा, सर. तो आणून द्या." थरथरत का होईना, सर चालत जाऊन घेऊन आले. "इतकं चालता, म्हणजे झेपेल. सोमवारपासून केमो," ती म्हणाली. "माझे बाबा तर तेव्हाही रामटेकचा गड चढत होते, सर. तुम्ही त्यांना चालवून पाह्यलंच नाही. तुम्हाले इतक्या लवकर सुटू देत नाही."