फिरता सांधा

रडारची अँटेना फिरती आणि तिच्याखालचा मनोरा स्थिर. दोघांमध्ये सिग्नल पोचवणारा फिरता सांधाच बिघडला, तसा विमानतळावरचा पडदा कोरा झाला. वर विमानं घिरट्या घालत राहिली. मेकॅनिकबाई मनोऱ्यावर चढल्या. एरवी हसतखेळत काम करणाऱ्या बाई आज सारख्या वर आभाळात बघत होत्या. नवा सांधा बसवून त्यांनी अँटेना सुरू केली आणि खाली फोन लावला.

"दिसतंय का काही?"

"पहिलं विमान दिसलं," कंट्रोलर म्हणाला. "त्यातली पायलट तुमच्यासाठी निरोप देतेय."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, मी दिसायला लागले ना? मग आईला म्हणावं, आता खाली उतर आणि दोन घास खाऊन घे."