सीलबंद कपाट

"आधी याला खाली उतरवा!" सोळा नंबरच्या बाकावरचा माणूस खिडकीला पाठ लावून ओरडत होता. "समोर बसून थरथर कापतोय. ताप आहे त्याला, ताप! दिसत नाही का तुम्हाला?"

समोर म्हातारा अंगाचे गाठोडे करून बसला होता. त्याच्या बायकोने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून त्याच्या मानेभोवती गुंडाळला होता आणि ती त्याचे तळहात चोळत होती.

चादरवाल्याने एकदाच पाहिले आणि त्याला कळले. बावीस वर्षे त्याने याच गाडीच्या वातानुकूलित डब्यांतून ब्लँकेटे वाटली होती. तापाने कापणारा माणूस डोळे मिटून घेतो. थंडीने कापणारा चादरवाल्याच्या वाटेकडे डोळे लावतो. म्हातारा त्याच्याकडेच पाहत होता.

"ताप नाही साहेब, गारठलेत ते," चादरवाला म्हणाला. "डबा अर्धा रिकामा. यंत्र मात्र भरल्या डब्याएवढंच गार फेकतंय. एरवी माणसांचीच ऊब असते."

"तू डॉक्टर आहेस का रे?"

"नाही. चादरवाला."

"मग दे की बाबा एखादं पांघरूण!" म्हातारी कळवळून म्हणाली. "बाहेर एवढं ऊन, आणि गाडीत मिळतंच म्हणून आम्ही काही घेतलंच नाही."

साथ सुरू झाली तेव्हापासून पांघरुणे बंद होती. दाराजवळच्या कपाटात साठ ब्लँकेटे स्वच्छ धुऊन, घडी घालून रचलेली होती. कपाटाच्या कड्यांतून तार ओवून तिच्यावर शिशाचे सील ठोकले होते. सीलचा आकडा दर खेपेला पाहायचा आणि कागदावर सही करायची, एवढेच काम चादरवाल्याला उरले होते. तीन महिने तो त्या कपाटाला पाठ टेकून प्रवास करीत होता.

तो तिकीट तपासनिसाकडे गेला. तपासनिसाने मान वर केली नाही.

"सील तुटलं तर तुझी नोकरी जाईल आणि माझी बदली होईल. पुढच्या स्टेशनला कळवलंय मी. आरोग्य पथक येतंय."

"साहेब, नुसती थंडी आहे हो. एक ब्लँकेट..."

"तुला कळतं, मला कळतं. त्या सोळा नंबरला कोण पटवणार? हुकूम म्हणजे हुकूम."

चादरवाला परत आला. अंगातला गणवेशाचा कोट काढून त्याने म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकला. डब्यात एकच गलका झाला.

"बघा, बघा! हात लावला त्याला!"

"आता हाच कोट घालून डबाभर फिरेल हा शहाणा!"

"यालाही उतरवा त्याच्याबरोबर!"

चादरवाल्याला ओळखणारे चार चेहरे त्यात होते. दर खेपेला दोन उशा मागून घेणारे.

म्हातारीने त्याची बाही धरली. "परवा सकाळी आमच्या लेकीचं ऑपरेशन आहे रे भाऊ. ती तिथे एकटी आहे. आम्हाला मध्येच उतरवलं तर कसं पोचायचं? पुढची गाडी थेट आठवड्याने."

त्याने बाही सोडवून घेतली, आपल्या पेटीतून पक्कड काढली आणि कपाटापाशी जाऊन तार तिच्या जबड्यात धरली. नुसती मूठ आवळायची होती. बावीस वर्षांची नोकरी, घरी तीन माणसे, वर तपासनिसाची बदली. तो उभा राहिला. किती वेळ, ते त्याला पुढे कधी नीट सांगता आले नाही. मग गाडीचे ब्रेक लागले.

फलाटावर भर दुपारचे ऊन रणरणत होते. पांढऱ्या झग्यांतले दोघे आले आणि त्यांनी म्हाताऱ्याला काखेत हात घालून खाली घेतले. पाठोपाठ म्हातारी उतरली. फरशीवर ऊन पायांना चटके देत होते. मिनिटभरात म्हाताऱ्याचे कापणे थांबले.

एकाने कपाळासमोर ताप मोजायचे यंत्र धरले. आकडा पाहिला, पुन्हा धरले.

"काही नाही," तो हळूच म्हणाला.

"मग चढू ना आम्ही?" म्हातारीने पिशवी उचललीसुद्धा.

"आजी, मागे व्हा. नाव यादीत गेलंय. आता चौदा दिवस इथेच."

"पण काही नाही म्हणालात ना!"

"ते तपासणीचं झालं. हे यादीचं आहे."

शिटी झाली. गाडी हलली तसा म्हातारा दोन पावले पुढे आला. त्याने खांद्यावरचा कोट काढून घाईघाईने त्याची घडी घातली आणि दारात उभ्या असलेल्या चादरवाल्यासमोर धरला. आता त्याला थंडी वाजत नव्हती. चादरवाल्याचा हात पोचला नाही. पांढऱ्या झग्याने म्हाताऱ्याला मागे ओढले.

डब्यात सोळा नंबरने समोरचा बाक दोनदा औषधाने पुसून घेतला. आता तिथे कोणी नव्हते. यंत्र गार हवा फेकीत राहिले.

तासाभराने सोळा नंबर कपाटापाशी आला. दोन्ही हात काखेत, खांदे वर चढलेले. त्याने मागेपुढे पाहिले आणि आवाज उतरवला.

"अरे, एखादं ब्लँकेट बघ ना. कोणाला सांगणार नाही मी."

चादरवाला शर्टावरच उभा होता. पक्कड अजून त्याच्या हातात होती. त्याने सोळा नंबरच्या हनुवटीकडे पाहिले. ती थरथरत होती.

"दात वाजू देऊ नका, साहेब," तो म्हणाला. "लोक बघताहेत."