आतल्या खोलीतला एसी

"वहिनी, हॉलची खिडकी मोठी आहे, तिथे बसवू. इथे चौकट कापावी लागेल," एसी बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला.

"कापा. पण बसवायचा बेडरूममध्येच," ती हट्टाने म्हणाली.

खरं कारण त्याला काय सांगणार? सासूबाईंना थोरल्या दिरांकडे पाठवा, असा धोशा तिनेच लावला होता, आणि तिथे महिन्याभरात त्या वारल्या. तेव्हापासून नवरा हॉलमधल्या दिवाणावर झोपायचा. भांडला नाही, टाकून बोलला नाही, फक्त अंथरूण उचललं. तिने दोनदा माफी मागितली, तर म्हणाला, "झालं ते झालं." यंदा उकाडा असा, की हॉलमध्ये पंख्याखालीही अंगाची लाही व्हायची. आता तरी त्याचे पाय आपोआप आत वळतील, एवढीच तिला आशा होती.

मेकॅनिकसोबत नवऱ्यानेच ते धूड उचलून खिडकीत सरकवलं, फटींत फोम कोंबला. तासाभरात खोली गारेगार झाली.

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपल्यावर ती पलंगावर भिंतीकडे सरकून पडली. दार मुद्दाम अर्धवट उघडं ठेवलं. थोड्या वेळाने घामाने निथळणारा नवरा दारात येऊन उभा राहिला. तिने डोळे मिटून घेतले.

 

"दार लोटून घेतो हं," तो बाहेरूनच म्हणाला, "तुझी गार हवा वाया जातेय."