रुंद बाही

अशी सून वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये, असं किनुआजींना वाटलं. पाहुण्यांसमोर चिहारूनं आपली वाटी पालथी घातली आणि म्हणाली, "मला नको."

पाहुणे म्हणजे ओबातासान, मात्सुसाकातले मांसाचे मोठे व्यापारी. दरवर्षी ते याच गोठ्यातली एक गाय घ्यायचे. यंदाची गाय फुकुयो प्रदर्शनात पहिली आली, आणि त्यांनी लावलेली किंमत ऐकून अख्खा बाजार गप्प झाला. गाय ज्या घरात वाढली, तिथे तिचे पहिले काप स्वतः घेऊन जायचे, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. तोक्योत अशा चार कापांना महिन्याचा पगार जातो.

फुकुयोला वाढवलं चिहारूनं. ही तिची पहिलीच गाय. उन्हाळ्यात फुकुयोनं चारा सोडला तेव्हा चिहारूनं तिला बिअर पाजली, रोज गवताच्या चुंबळीनं तिचं अंग चोळलं.

"एवढी मोठी लागून गेलीस?" किनुआजी म्हणाल्या. "गोठ्यात नवं वासरू आलंय ना, त्याला हात लावायचा नाही तू."

चिहारूनं मान खाली घातली. सकाळीच त्या वासरानं पहिल्यांदा तिच्या हातून खाल्लं होतं.

"राहू द्या, आजी," ओबातासान म्हणाले. "तुम्ही घ्या."

या जेवणाला आजी नेहमी तोच जुना, रुंद बाह्यांचा किमोनो घालायच्या. त्यांनी कढईतला काप उचलला, अंड्यात बुडवला आणि जुन्या बायकांसारखी तोंडावर बाही धरली. मग डोळे मिटून म्हणाल्या, "जिभेवर ठेवला नाही, तोच विरघळला."

ओबातासान खूश झाले. पुढच्या वर्षीची गाय ठरवूनच गेले.

भांडी घासून चिहारू मागच्या दारी आली. गाईंच्या स्मरणासाठी उभारलेल्या दगडापाशी आजी खुरप्यानं माती उकरत होत्या. बाहीतून त्यांनी तेलकट कागदाची पुडी काढली. आत अख्खा काप होता.

"आई, तुम्ही खाल्लाच नाहीत? मग तो विरघळतो ते..."

"थोरले ओबाता सांगायचे." आजींनी पुडी खड्ड्यात ठेवली, तळव्यानं माती सारखी केली, दगडाला वाकून नमस्कार केला. मग सुनेकडे वळल्या.

"कच्ची आहेस अजून, पोरी. वासरू तूच सांभाळ. पण पाहुण्याला नको म्हणायचं नसतं, बाही रुंद शिवून घ्यायची असते."