नवरा काढून टाका

“कथा छान आहे, ताई. फक्त त्यातला नवरा काढून टाका,” दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले. “तो नुसता बसून असतो. जे पात्र काहीच करत नाही, ते कथेत ठेवायचं नाही. संध्याकाळपर्यंत पाठवा, अंक छपाईला जातोय.”

फोन स्पीकरवर होता. सुलक्षणाची ही पहिलीच कथा. एका बोटानं ती टाइप करून देणारा तिचा नवरा महिपती शेजारीच बसला होता. कथेतला नवरा कुणावर बेतलाय, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“राहू द्या. नाही छापली तरी चालंल,” फोन ठेवून ती महिपतीला म्हणाली.

मोबाइल घेऊन त्यानं नवऱ्याचं एकेक वाक्य खोडलं. मग उरलेली कथा मोठ्यानं वाचून दाखवली. नवरा गेला तरी कुठं काही अडत नव्हतं, उलट कथेला वेग आला होता. सुलक्षणाला आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून वाईटही वाटलं.

“झकास झालीय की!” म्हणत त्यानं कथा पाठवूनही टाकली.

“अहो, राग आला का?”

“छे! संपादकांचं बरोबरच हाय,” म्हणून तो उठून आत गेला.

तो चिडलाय की खूश आहे, हे तिला उमगेना. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिकडून त्याची हाक आली.

“चहाची पावडर कुठं असती गं?”